मागे घेतलेला फोटो

पत्रकात भीती लिहायची पद्धत नाही. पत्रकात संताप असतो, निषेध असतो, मागण्या असतात आणि शेवटी 'मोठ्या संख्येने उपस्थित राहा' असतं. मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. विदर्भातून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, क्लासच्या फीविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं आणि माझी परीक्षा तिथेच संपली. मग वस्तीचं पाणी, मेसचं जेवण, वसतिगृहाचं कुलूप, जे समोर येईल त्यावर लिहिलं. एका पानात बसलं पाहिजे आणि रिक्षावाल्याचं सिग्नलला वाचून संपलं पाहिजे, एवढाच नियम. त्यामुळे पुढचं मला नीट जमेल का, माहीत नाही. हे भीतीबद्दल आहे, आणि भीतीच्या मागण्या लिहून काढता येत नाहीत.

पत्रकांवर पोट भरत नाही म्हणून मी एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागले. प्रकल्प मार्केट यार्डात लसूण निवडणाऱ्या बायकांवर होता. 'बायकांवर' म्हटलं की मॅडम लगेच थांबवायच्या. मॅडम म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख.

"बायकांवर नाही गं. बायकांबरोबर. संशोधन त्या करणार. आपण मदत करणार."

मला हे जाम आवडलं होतं. मॅडमची पद्धत अशी होती की प्रश्नावली नाही, 'हो', 'नाही', 'सांगता येत नाही' नाही. बायकांनी आपल्या मोबाईलवर आपल्या दिवसाचे फोटो काढायचे. कुठले दाखवायचे ते त्यांनीच ठरवायचं, त्याबद्दल त्या जे बोलतील तेच खाली लिहायचं आणि शेवटी सगळ्याचं प्रदर्शन भरवायचं. चेहरे पुसट करायचे, नावं काढून टाकायची आणि त्या जागी अक्षरं द्यायची. सहभागी अ, सहभागी ब, सहभागी क.

आमच्याच खोलीत खिडकीपाशी सर बसत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण रोज यायचे. त्यांचं सगळं आयुष्य सर्वेक्षणात गेलं होतं. छापील प्रश्न, उत्तरांना आकडे, आकड्यांचे तक्ते. त्यांच्या मागच्या कपाटात पुण्यातल्या कितीतरी मोलकरणी, हमाल आणि विडी कामगार टक्केवारीच्या रूपात पडून होते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, या तक्त्यात माणूस कुठे आहे?"

"सापडला नाही ना? मग तक्ता बरोबर आहे. माणूस सापडला असता तर माझं काम चुकलं असतं."

"म्हणजे तुम्ही माणसांचे टक्के करता."

"आणि आपण पोस्टर करता," ते चष्मा पुसत म्हणाले. "चालायचंच. ज्याची त्याची आवड."

मला राग आला. खडूस म्हातारा, असं मनात म्हणालेसुद्धा. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, सरांचा काळ वेगळा होता. सर तिथेच बसले होते. ते म्हणाले, "होता ना. तेव्हा संशोधकाला फोटो काढायचा असला तर आधी लग्न ठरावं लागायचं."

यार्डातल्या बायकांत एक मावशी होत्या. मराठवाड्यातून आलेल्या, एका शेठच्या गाळ्यात अगदी मागच्या बाजूला बसायच्या. सोबत सून. चाळणीवर लसूण चोळायचा, पापुद्रा उडवायचा, बारीक बाजूला, फुटका बाजूला. दोघींचं हे काम कुठल्या कागदावर नव्हतं. शेठ आदल्या दिवशी 'उद्या या' म्हणायचा आणि उद्या त्या यायच्या, झालं. मी मावशींना मॅडमचं सांगणं समजावून दिलं: तुमच्या दिवसात जे कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो काढा.

"आमचं समदंच कुनाला दिसत न्हाई पोरी," त्या म्हणाल्या. "कुटनं सुरू करू?"

त्यांनी पुष्कळ फोटो काढले. चाळणीवरचे हात. सुनेच्या फाटलेल्या टाचा. तडा गेलेला एक निळा ड्रम, ज्यातलं पाणी प्यायचं. आणि एक फोटो गाळ्यांच्या मागच्या बायकांच्या संडासाचा. दार उघडं, आणि आत जमिनीपासून वरपर्यंत बारदान. बारदान म्हणजे रिकामी पोती, गठ्ठे बांधलेली. शेठनं बायकांच्या संडासाचं गोदाम केलं होतं. दुसरा संडास पार गेटजवळ. तिकडे जाऊन आलं की 'कुठे फिरायला गेली होतीस' असं ऐकावं लागायचं. म्हणून सगळ्या बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. फोटोखाली मावशींचं वाक्य होतं: "पोत्यांना जागा हाय, आमाला न्हाई."

मी ते वाक्य वाचून टेबलावर हात आपटला. असं वाक्य मला आयुष्यात एकदाही सुचलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हाच आपला मुख्य फोटो, हा सगळ्यात मोठा छापायचा. मी म्हणाले, भिंतीएवढा छापा.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मोठ्या प्रिंट आल्या. मी आणि संस्थेचे शिपाईकाका त्या हॉलमध्ये लावत होतो. संडासाचा फोटो भिंतीला टेकवून मी चार पावलं मागे आले आणि पुन्हा जवळ गेले.

मोबाईलवर ते गठ्ठे नुसते तपकिरी दिसत होते. इथे प्रत्येक पोत्यावर हिरव्या रंगाचा मार्का दिसत होता. यार्डात मार्का म्हणजे सही. हमालाला अक्षर येत नसलं तरी तो लांबूनच सांगतो, हे पोतं कुठल्या गाळ्याचं. आम्ही नाव काढलं होतं, चेहरा नव्हताच, आणि गाळ्याचा पत्ता मात्र मोठ्ठा करून छापला होता. एवढंच नाही. फोटो खालून वर काढलेला होता, बसल्या जागेवरून. डाव्या कडेला लोखंडी खांब, उजवीकडे पत्र्याचा कोपरा. त्या खांबाच्या आणि त्या पत्र्याच्या मधून ते दार फक्त एका ठिकाणाहून दिसायचं. मी तिथे मावशींच्या शेजारी कितीदा तरी बसले होते.

आणि उद्घाटनाला व्यापाऱ्यांना बोलावलं होतं. नव्या पद्धतीत तेही बसतं. संबंधित सर्व घटकांशी संवाद. निमंत्रणं केव्हाच गेली होती. त्यात तो शेठ होता.

घाबरण्याचा मला अनुभव आहे. पोलिसांच्या गाडीत बसले आहे, एकदा कार्यकर्ते म्हणवणाऱ्या चार जणांनी पत्रकांचा गठ्ठा हातातून हिसकावून नाल्यात टाकला होता. पण ती भीती आपल्या अंगावरची असते. ओरडलं की थोडी उतरते. ही दुसऱ्याच्या अंगावरची होती आणि त्या दुसऱ्याला अजून पत्ताही नव्हता. माझे तळवे इतके ओले झाले की फ्रेम धरता येईना. शिपाईकाका म्हणाले, "ताई, चहा घेऊन या, बसा थोडं."

मी मॅडमकडे गेले. म्हणाले, हा फोटो लावायचा नाही.

मॅडमनी फोटो बघितला. त्यांनाही मार्का दिसला. मग म्हणाल्या, "पण हे आपण कसं ठरवणार? फोटो तिचा आहे. तिला कळत नाही असं समजून आपणच तिच्या वतीने घाबरायचं, हे तर जुनंच झालं. हेच मोडायला आपण निघालोय ना?"

"मॅडम, तिचं काम जाईल."

"म्हणून तिला विचार. तिला सगळं सांग. ती म्हणेल ते."

ऐकायला किती चांगलं वाटतं. मी स्वतः सभेत असंच बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात गेले. लिलाव चालू असताना शेठ गादीवर नसतो, तो ढिगापाशी उभा असतो, म्हणून ती वेळ धरली. एरवी मी छाती काढून मधून जाते, हमालांना हाका मारत. त्या दिवशी कडेकडेनं गेले. कुणी 'काय ताई' म्हटलं तरी दचकत होते. लसणाच्या वासानं डोळे चुरचुरत होते, की तसं मी स्वतःला सांगत होते.

"मावशी, तो संडासाचा फोटो मोठा केलाय."

"लई मोठा?"

मी हात पसरून दाखवला. त्या खळखळून हसल्या. "आगं बया! एवढा संडास! लोकं नाक धरून बगतील की."

सून हसली नाही. तिनं विचारलं, "मार्का दिसतोय का त्यात?"

"दिसतोय."

"आन शेठला बोलावलंय?"

"हो."

मावशींची चाळणी थांबली. बाजूला दुसऱ्या गाळ्यावर कोणीतरी मोठ्यानं भाव पुकारत होतं. मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

"तू काय म्हनतीस?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. ते बरोबर असेलच असं नाही, पण असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "तुमचा फोटो आहे मावशी. तुम्ही म्हणाल तसं."

"आमी म्हनू तसं!" त्या सुनेकडे बघून म्हणाल्या. "ऐकलंस का? शेठला आमंत्रन धाडून झालं, आन आता इचारायला आलीया. आगं पोरी, ह्यानं उद्या येऊ नका म्हनलं तर दुसरा कुनी घेतो व्हय? ह्या यार्डात येकानं सोडलेली बाई दुसरा बसवून घेत न्हाई. दोगींचं जाईल. हिचं बी, माजं बी."

मी खाली बघत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागत होतं.

"काढ त्यो," त्या म्हणाल्या. "तेवढा येक काढ. बाकीचं ऱ्हाऊ दे. हाताचा ब्येस आलाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी, हेही लिहून टाकते, थोडी निराशा झाली. पत्रक लिहिणारीला ती होतेच. मी परत आले आणि फोटो काढून ठेवला. आता संपलं, असं मला वाटलं. जिथे माणसं इतकी प्रामाणिक असतात तिथे काही लवकर संपत नाही.

कारण त्या रिकाम्या जागी मॅडमनी पाटी लावली. 'या जागी असलेले छायाचित्र सहभागी महिलेने मागे घेतले आहे. तिच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.'

"मॅडम, पाटी कशाला?"

"रिकामी जागा ठेवून कारण न सांगणं म्हणजे लपवणं. तिनं नाही म्हटलं, हीसुद्धा तिची कृती आहे. ती नोंदवली गेली पाहिजे. आपली पद्धत पारदर्शक हवी."

"मग फ्रेमा सरकवून घेऊ. जागाच ठेवायला नको."

"म्हणजे तिचं नाही म्हणणंसुद्धा पुसून टाकायचं?"

मी भांडले. खूप भांडले. मॅडम वाईट नव्हत्या, हे मला आजही सांगायचं आहे. त्यांनी वर्षानुवर्षं असे संशोधक बघितले होते जे वस्तीत जातात, माहिती घेतात, परत येतात आणि आपल्या नावावर पुस्तक छापतात. त्यांना तसं व्हायचं नव्हतं. त्या इतक्या जपून चालत होत्या की पाय कुणाच्या हातावर पडतोय ते दिसत नव्हतं. सर दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अहो, खिडकी झाकायची आणि वर पाटी लावायची की इथे खिडकी आहे. वा." मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पाटी राहिली.

उद्घाटन दुपारी होतं. बायकांपैकी काही जणी नवी साडी नेसून आल्या होत्या. मावशी आणि सून आल्या नाहीत. व्यापारी मात्र आले, पांढरे शर्ट, अत्तराचा वास, सगळ्यांना नमस्कार. शेठ त्यांच्यात होता. तो रगेल असता, मिशीला पीळ देणारा असता, तर मला सोपं गेलं असतं. तो मऊ बोलायचा, दिवाळीला बायकांना फराळाचं पाकीट द्यायचा, आणि संडासात बारदान ठेवायचा. यातलं एकही खोटं नाही.

तो एकेक फोटो नीट बघत आला. घाई नाही. हातांच्या फोटोपाशी थांबला, मान हलवली. मग रिकामी जागा. पाटी वाचली. परत वाचली.

"ताई," त्यानं मला बोलावलं. "हा का काढला?"

"त्यांना नको वाटला."

"काय होतं त्यात?"

"हललेला होता."

"हललेला होता तर तसं लिहायचं. हे तर निर्णय वगैरे लिहिलंय." तो हसला. मग त्यानं रिकाम्या जागेच्या डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. तेव्हा मला कळलं आम्ही काय केलं होतं. एका बाईचे फोटो एका ओळीत लावले होते. फोटो एक काढला, ओळ तशीच होती. आजूबाजूला तिचाच सगळा दिवस टांगलेला.

"हा ड्रम ओळखीचा वाटतो," तो म्हणाला. त्याचं बोट त्या तड्यावर होतं.

"असे ड्रम सगळीकडेच असतात, शेठ."

शेठ. मी आयुष्यात कुणाला शेठ म्हटलेलं नव्हतं. माझ्या पत्रकांत तो शब्द फक्त अवतरणचिन्हांत यायचा. तो तोंडातून इतक्या सहज निघाला की मला माझीच शिसारी आली. पण त्या क्षणी मी त्याचे पायही धरले असते. डोक्यात एकच चाललं होतं: उद्या सकाळी त्या दोघी बस धरून येतील आणि तो म्हणेल, नका बसू.

तेवढ्यात सर काठी टेकत आले. "नमस्कार. आपण लसणाचे व्यापारी? मग मला एक सांगा, आमच्याकडे येतो तो लसूण सोलायच्या आधीच का संपतो?" आणि त्याच्या कोपराला धरून त्याला चहाच्या टेबलाकडे घेऊन गेले. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत सर त्याच्याशी भावाबद्दल, मालाबद्दल, गावाबद्दल बोलत राहिले. इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेठ गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मी त्यांना तक्त्यांबद्दल बोलले होते ते आठवलं. त्या बिनमाणसाच्या रकान्यांखाली किती बायका अंग झाकून बसल्या असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. अर्थात त्या तक्त्यांनी एकही संडास रिकामा झाला नव्हता, हेही खरं.

मी त्यानंतर काही दिवस यार्डाकडे फिरकले नाही. फोनही केला नाही, त्यांचा फोन कुणाच्या हातात असेल काय सांगावं. शेवटी राहवलं नाही. लिलावाची वेळ धरून गेले.

गाळ्याच्या मागे मावशींची जागा रिकामी होती. माझे पाय जागीच थांबले. मग हाक ऐकू आली. मावशी आणि सून पुढे बसल्या होत्या, गादीच्या अगदी समोर, शेठ मान न वळवता बघू शकेल अशा.

"जागा बदलली?"

"उजेड बरा हाय म्हनला हितं."

"आणि मोबाईल?"

"कामात मोबाईल न्हाई. समद्यांचे गादीवर जमा. सांजच्याला परत." मग त्यांनी हनुवटीनं मागे खूण केली. "जा, बगून ये."

मी मागे जाऊन बघितलं. संडास रिकामा होता. बारदान गेलं होतं, फरशी धुतलेली, दाराला आतून नवी कडी. एक बाई आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हसली. मी पत्रक लिहिलं असतं तर मथळा 'विजय' असा दिला असता. मी त्या कडीकडे बघत मागे सरले. न दाखवलेल्या फोटोतली गोष्ट त्यानं दुरुस्त केली होती. म्हणजे फोटोत काय होतं ते त्याला कळलं होतं. कोणी काढला होता, तेही.

परत आले तेव्हा मावशी माझ्याकडे न बघता चाळणी हलवत होत्या.

"काही बोलला?"

"न्हाई. काय बी न्हाई. त्येच तर." मग हळूच, ओठ न हलवता म्हणाल्या, "थोडं दिस येऊ नगंस पोरी."

"मावशी, मी..."

"संडास झाला की. पानी पितो आता. जा."

मी गेले. त्यानंतर गेलेली नाही.

मॅडम अहवाल लिहीत होत्या. त्यांना लिहायचं होतं की संशोधनामुळे बदल घडला, शौचालय खुलं झालं. मी विचारलं, मोबाईल जमा झाले ते? तेही लिहू, त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुठल्या गाळ्यात झालं असं लिहाल? आणि मावशींचं बोलणं आपण रेकॉर्ड केलंय, ते संस्थेच्या वेबसाइटवर इतर संशोधकांसाठी खुलं करायचं ठरलंय, त्याचं काय? नाव काढाल. आवाज कसा काढणार? मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मी मावशींवर ढकलला होता तोच प्रश्न त्यांनी मला विचारला: "तुला काय वाटतं, काय करावं?" रेकॉर्डिंग आम्ही खुलं केलं नाही. शौचालय खुलं झालं, ही ओळ अहवालात नाही.

आता हे मी लिहिलं आहे. का लिहिलं, तर गप्प बसवत नव्हतं. पण लिहिताना काही गोष्टी बदलल्या आहेत. माल लसूणच होता असं धरून चालू नका. रंग हिरवाच होता असंही नाही. त्या दोघी सासू-सून होत्या की आणखी कोणी, ते सांगणार नाही. लिहून झाल्यावर मी हे शेठच्या डोळ्यांनी परत परत वाचलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी खोडलं. ती बाई अजून रोज तिथे बसते, आणि शेठला वाचनाची आवड आहे. त्या दिवशी चहा पिताना तो सरांना सांगत होता.